संध्याकाळी खो-खो खेळून आली की शुगर २४०, पहाटे तीनला ५४ : हे गणित कोणी सोडवून देईल का?

अनुची_आई | १६ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक १४ वर्षांची. टाईप १ मधुमेह, म्हणजे अंगात इन्सुलिन बनतच नाही, दोन वर्षं झाली. दिवसाला पाच सुया : तीन जेवणं अन् संध्याकाळच्या नाश्त्याच्या आधी फास्ट इन्सुलिन, रात्री दहाला ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू चालणारं इन्सुलिन) १६ युनिट. परवाची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.६ आली, डॉक्टरही खूश होते.

यंदा तिने हट्ट करून खो-खोच्या उन्हाळी शिबिरात नाव घातलं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. मी म्हटलं चांगलंच आहे, पळापळ होईल, शुगर उतरेल, इन्सुलिनही कमी लागेल. सगळे तेच तर सांगतात.

झालं भलतंच. सोमवारी जाताना १४२, घरी आल्यावर २४०. रात्री सहज जाग आली म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर कूलरच्या अगदी पुढ्यात झोपलेली पोर घामाने चिंब. मोजली तर ५४. ग्लुकोज पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, सगळं केलं, पण माझे हात तासभर थांबले नाहीत. बुधवारी पुन्हा तेच : जाताना १६५, आल्यावर २३१, पहाटे ६१. खेळ नसतो त्या रात्री मात्र शुगर ११०-१३० च्या आसपास, शहाण्यासारखी.

शिबिराचे सर म्हणाले, "ताई, रिस्क नको, तिला स्कोअर लिहायला बसवू." पोर घरी येऊन रडली.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी खेळाच्या दिवशी ग्लार्जिन तूर्तास दोन युनिट कमी करा म्हटलं, बाकीचं २५ तारखेच्या भेटीत. तोवर मला एवढंच समजून घ्यायचंय : एकाच खेळाने शुगर चढते पण अन् उतरते पण, हे कसं? अन् खेळणं बंद करावं का?

---

तर्रीबाज | १६ एप्रिल, रात्री ११:३२

पोरीले स्कोअर लिवाले बसवू नका ताई. बाकी शुगरचं मले काही समजत नाही, वाचून राह्यलो.

---

पासबुक_काका | १७ एप्रिल, सकाळी ७:४५

ताई, तुमच्या धाग्यात माझी पण एक तक्रार जोडतो. मी टाईप २, नऊ वर्षं, फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्यांवर. रोज पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावाला पाच किलोमीटर. काल मुद्दाम निघायच्या आधी मोजली, १३८. परत आलो, १६१. चहा नाही, बिस्किट नाही, पाण्याशिवाय काही नाही. चाळीस वर्षं बँकेत काढली, पण खात्यात पैसे न भरता शिल्लक वाढलेली पहिल्यांदा पाहिली.

सौ. म्हणतात, फिरून वाढतेच तर फिरता कशाला, दूध तरी आणून देत जा.

---

तर्रीबाज | १७ एप्रिल, सकाळी ७:५८

काका, ते व्याज असंल.

---

डॉ_मेघमल्हार | १७ एप्रिल, दुपारी २:२०

अनुची आई, मी फिजिशियन आहे, तुमच्या मुलीची डॉक्टर नाही. त्यामुळे डोस सांगणार नाही, शरीरात काय चालतं तेवढं सांगते.

स्नायूला साखर आत घ्यायला एरवी इन्सुलिन लागतं. पण स्नायू काम करायला लागला की तो ग्लुट-४ नावाची वाहकं स्वतःच पृष्ठभागावर आणतो आणि इन्सुलिनशिवायही साखर ओढतो. म्हणून चालणं, सायकल, संथ पोहणं अशा लांब आणि सलग व्यायामात शुगर खाली जाते. टोचलेलं इन्सुलिन अंगात असेल तर ती दोन्हीकडून ओढली जाते. हे काही आज कळलेलं नाही. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं १९२२ मध्ये, आणि लंडनच्या डॉ. रॉबर्ट लॉरेन्स यांनी व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे १९२६ मध्ये छापून सांगितलं. ते स्वतः इन्सुलिनवर जगणारे रुग्ण होते.

आता उलट बाजू. खो-खो म्हणजे सलग पळणं नाही. बसलेल्या जागेवरून जीव खाऊन झेप, मग थांबणं, पुन्हा झेप. त्यात हरण्या-जिंकण्याचा ताण. अशा वेळी ॲड्रिनलिन हे ताणाचं हॉर्मोन उसळतं आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं, स्नायू वापरू शकतील त्याहून जास्त. ज्याला मधुमेह नाही त्याचं स्वादुपिंड खेळ थांबताच जास्तीचं इन्सुलिन सोडून हा हिशेब मिटवतं. टाईप १ मध्ये ते होत नाही, म्हणून घरी आल्यावर आकडा मोठा दिसतो.

रात्रीची भानगड वेगळी. दोन तास खेळून स्नायूंतला आणि यकृतातला साठा रिकामा झालेला असतो. तो भरून काढायला शरीर रात्रभर रक्तातली साखर उचलत राहतं. शिवाय व्यायामानंतर इन्सुलिनची धार चोवीस तास, कधी त्याहून जास्त, वाढलेली असते. संध्याकाळी खेळलं की त्याचा फटका नेमका झोपेत बसतो, आणि झोपेत शरीराच्या धोक्याच्या खुणाही मंद असतात. तुम्हाला जाग आली हे फार बरं झालं.

पासबुक काका, तुमचंही यकृतच. पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन हे साखर चढवणारे हॉर्मोन वाढलेले असतात, त्यात उपाशीपोटी झपाझप चाललात. वीस-पंचवीसने वाढली म्हणून फिरणं वाया गेलं असं नाही, दिवसभराचं इन्सुलिन त्या फिरण्याने चांगलं चालतं. जमलं तर रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला आणि मोजून बघा.

अनुची आई, एक प्रश्न. २४० दिसल्यावर तुम्ही काय केलंत?

---

सायकलवेडा_९६ | १७ एप्रिल, दुपारी ३:०५

डॉक्टरांनी विचारलंच आहे, पण मी पैज लावतो. करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवायला जास्तीचं इन्सुलिन, दिलंत ना?

नाव सायकलवेडा, ९६ म्हणजे ज्या वर्षी मला टाईप १ झाला ते. तेव्हा मी बारा वर्षांचा. ही चूक मी स्वतः इतक्या वेळा केलीय की आता ती मला घरच्यासारखी वाटते. एक प्रसंग सांगतो. मित्रांबरोबर सायकलने रामटेकला गेलो, जाऊन येऊन शंभर किलोमीटर. शेवटचा टप्पा आम्ही शर्यत लावून मारला. घरी पोचलो, मोजलं, २६०. चार युनिट मारलं, वर पोटभर जेवणाचं पूर्ण इन्सुलिन, आणि झोपलो. पहाटे आई तोंडात साखर कोंबत होती आणि मी तिला "तुम्ही कोण?" विचारत होतो. ती अजूनही ऐकवते.

एरवी माझं एक युनिट ४० ने उतरवतं. लांब राईडनंतर त्याच रात्री तेच एक युनिट ७० ने उतरवतं. कागदावरचं करेक्शन रोजच्या दिवसाचं असतं, खेळाच्या दिवसाचं नसतं.

अजून दोन गोष्टी विचारतो. संध्याकाळच्या नाश्त्याचं इन्सुलिन कुठे टोचता? मांडीत? पळणाऱ्या पायात टोचलं की ते लवकर शोषलं जातं, वर एप्रिलचं ऊन. पोटावर टोचून बघा. आणि नाश्ता किती वाजता? टोचून दीड तासाच्या आत मैदानावर उतरत असेल तर फास्ट इन्सुलिन ऐन भरात असतं. मी तेव्हा नाश्त्याचा डोस अर्ध्यावर आणतो. पण हे माझ्या डॉक्टरांशी बोलून, वर्षानुवर्षं लिहून ठरलेलं आहे. तसंच्या तसं उचलू नका.

---

अनुची_आई | १७ एप्रिल, संध्याकाळी ४:४०

वाचून पोटात गोळा आला. हो, दिलं करेक्शन. तीन युनिट. मग आठला जेवण, त्याचे पूर्ण सहा. मग दहाला ग्लार्जिन. २४० आकडा पाहून मला उतरवायचीच घाई झाली होती.

अन् हो, मांडीत. पोटावर दुखते म्हणते, म्हणून मी पण सोडून दिलं.

---

डेट्रॉईटकर | १७ एप्रिल, रात्री ८:१५

मूळचा नागपूरच्या इतवारीचा, वीस वर्षांपासून इकडे. धाकटा मुलगा टाईप १, दंडाला शुगर सतत मोजणारा सेन्सर लावतो.

स्वतःला दोष देऊ नका ताई. इकडे आम्हाला पहिल्या दिवशी बजावून सांगितलं होतं की खेळ संपल्यावरच्या मोठ्या आकड्यामागे धावायचं नाही, तास-दोन तास वाट पाहायची, बहुतेक वेळा तो आपोआप खाली येतो. तरी आम्ही धावलोच.

गंमत म्हणजे हाच ॲड्रिनलिनचा झटका कामालाही येतो. मुलगा लांब जॉगिंगला जातो तेव्हा शेवटी दहा सेकंद जीव तोडून पळतो, त्याने पुढचा थोडा वेळ शुगर घसरत नाही. आणि जिममध्ये आधी वजनं, मग पळणं असा क्रम ठेवला की पळताना कमी घसरते. उलट केलं की धडाम.

सेन्सर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा : तो रक्त नाही, कातडीखालचं पाणी मोजतो. धावताना काही मिनिटं मागे असतो. आणि मुलं त्या दंडावर झोपली की उगाच लो दाखवून घर उठवतो.

---

पासबुक_काका | १७ एप्रिल, रात्री ८:५०

दर पंधरवड्याला सेन्सर बदलणं सगळ्यांना झेपणारं नाही डेट्रॉईटकर. इथे स्ट्रिपा जपून वापरतात लोक.

---

निसर्गप्रेमी | १८ एप्रिल, सकाळी ६:३०

इतकी आकडेमोड कशाला? इन्सुलिनची सवय लागते, एकदा लागली की सुटत नाही. रोज उपाशीपोटी कारल्याचा रस, मेथीदाणा आणि सूर्यनमस्कार. आमच्या ओळखीतल्या एकाचं इन्सुलिन चार महिन्यांत बंद झालं.

---

सायकलवेडा_९६ | १८ एप्रिल, सकाळी ६:५२

तुमच्या ओळखीतल्याला टाईप २ असणार. वजन उतरवून, व्यायामाने टाईप २ मध्ये इन्सुलिन कमी होऊ शकतं, बंदही होऊ शकतं, मान्य. टाईप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही. ते बंद केलं की काही दिवसांत, कधी काही तासांत, रक्तात आम्ल साचतं आणि माणूस आयसीयूत पोचतो. किंवा पोचत नाही. सवय म्हणायची तर ती श्वासासारखी. कारल्याची भाजी मी पण खातो, गूळ न घालता.

---

प्रशासक | १८ एप्रिल, सकाळी ९:००

इन्सुलिन बंद करण्याचे सल्ले या धाग्यावर चालणार नाहीत. पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

---

तर्रीबाज | १८ एप्रिल, सकाळी ९:१२

कारल्यात गूळ न घालता? भाऊ, तुमच्यापुढे हात जोडले.

---

वऱ्हाडीठेचा | १८ एप्रिल, सकाळी ११:२५

रामटेकचा विषय निघाला म्हणून आमच्या बाबांचं सांगते. टाईप २, ग्लिमेपिराईड घेतात, अन् बीपीसाठी बीटा ब्लॉकर. त्रिपुरी पौर्णिमेला गडावर जायचं ठरलं. बाबांनी सकाळी गोळी घेतली अन् "दर्शनाशिवाय खाणार नाही" म्हणून उपाशी निघाले. अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढायला लागलो. अर्ध्यात गेल्यावर बाबा एका अनोळखी माणसाशी भांडायला लागले, त्याने आमची जागा घेतली म्हणून. कसली जागा? पायरी होती ती!

आम्हाला वाटलं चढून थकले, म्हणून चिडचिड करून राहिले. हात थरथरत नव्हते, छातीत धडधड नव्हती, फक्त मानेवरून घाम वाहत होता. नशीब माझ्या नणंदेच्या पर्समध्ये मीटर होतं. ४८. नंतर कळलं की बीटा ब्लॉकरने थरथर अन् धडधड दबते, घाम तेवढा राहतो.

आम्ही काय दिलं असेल? तुपातला लाडू. तुपामुळे साखर पोचायला उशीर. दहा मिनिटं आम्ही लाडू भरवतोय अन् बाबा त्या माणसाला कोर्टात खेचतायत. शेवटी त्याच भल्या माणसाने आपल्या पिशवीतलं ग्लुकोजचं पाकीट काढून दिलं.

---

डॉ_मेघमल्हार | १८ एप्रिल, दुपारी १:४०

वऱ्हाडीठेचा, हा प्रसंग मी दवाखान्यात सांगणार आहे. गोळ्यांवरच्या सगळ्यांसाठी : नुसत्या मेटफॉर्मिनवर व्यायामाने शुगर धोकादायक खाली जाणं क्वचितच घडतं. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो की नसो. त्या घेऊन उपाशीपोटी डोंगर चढू नये. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी काढतात, त्यांनी आपल्या उन्हाळ्यात पाण्याकडे जास्त बघावं.

लो झाल्यावर : ग्लुकोज पावडर किंवा साखर तीन चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबा, मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट, लाडू, बर्फी नंतर, चवीला. आणि माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

---

तर्रीबाज | १८ एप्रिल, दुपारी १:५५

म्हंजे संत्रा बर्फी औषधात धरत नाही? मग फुटाळा तलावाले चार चकरा मारून वर तर्री पोहे, हे कोणत्या खात्यात?

---

पासबुक_काका | १८ एप्रिल, दुपारी २:१०

कर्ज खात्यात. मी रोज बघतो ना, अर्धं अंबाझरी फिरून झालं की टपरीवर. तीनशे कॅलरी खर्च, पाचशे जमा. आणि तर्रीवर शेव वेगळी.

---

पोलडाईव्ह | १८ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

धागा पोह्यांत बुडायच्या आत. मी विद्यापीठापर्यंत खो-खो खेळलेली बाई आहे, आता शाळेच्या मुली शिकवते.

डॉक्टर म्हणाल्या ते मैदानावर रोज दिसतं. पाठलागाच्या वेळी चौकोनात बसलेली मुलगी बाहेरून शांत दिसते, पण "खो" मिळेपर्यंत तिचा श्वास छातीत अडकलेला असतो. मिळाला की पाच-सात सेकंदांची झेप. पळणारीचं वेगळं, ती एकदा आत शिरली की वाकड्यातिकड्या दौडा, मग बाद होऊन बाहेर. आणि सरावाच्या दिवशी ह्या सगळ्याआधी मैदानाच्या आठ-दहा फेऱ्या असतात. म्हणजे एकाच संध्याकाळी लांब पळणं पण झालं अन् झटके पण. ताई, त्या दिवशी फेऱ्या किती, खेळ किती, हे वहीत शुगरच्या शेजारी लिहा. नुसता "खो-खो" लिहून काही कळणार नाही.

सरांबद्दल : ते वाईट नाहीत, घाबरलेत. माझ्याकडे एक टाईप १ मुलगी होती तेव्हा मीही घाबरले होते. तिच्या आईने मला अर्धा तास बसवून मीटर वापरायला शिकवलं, एका डबीत ग्लुकोज दिलं, ती डबी आम्ही खांबाच्या बुडाशी ठेवायचो. सगळ्या संघाला माहीत होतं : ही एकदम गप्प झाली किंवा उगाच हसायला लागली की डबी. तुम्हीही सरांना घरी चहाला बोलवा. वसीम अक्रमला १९९७ साली मधुमेह निघाला, त्यानंतर कित्येक वर्षं तो इन्सुलिन घेऊन वेगवान गोलंदाजी करत होता. इंग्लंडचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह, त्यांनाही १९९७ लाच, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पाचवं सुवर्ण. सरांना ऐकवा. खेळाची माणसं खेळाडूंची नावं ऐकतात.

---

चिखलदरा_चहा | १९ एप्रिल, सकाळी १०:३०

एक गोष्ट कोणी बोललं नाही. इन्सुलिन मैदानावर नेता कशातून?

मागच्या मे मध्ये आमच्या घरी इन्सुलिनचं पेन स्कूटरच्या डिक्कीत दोन तास राहिलं. आठवडाभर भावाची शुगर ३०० च्या खाली येईना. डोस वाढवला, जेवण कमी केलं, भांडणं झाली. शेवटी पेन बदललं, दुसऱ्या दिवशी जाग्यावर. वापरात असलेलं पेन महिनाभर बाहेर चालतं म्हणतात ते पंचवीस-तीस अंशांच्या खोलीत. आपल्याकडे मेमध्ये ४५, घरात कूलर बंद झाला की भट्टी.

---

सायकलवेडा_९६ | १९ एप्रिल, सकाळी १०:५०

वा, मुद्द्याचं. माझी आई मडक्यात वाळू भरून ती ओली ठेवायची, त्यात छोटं मडकं, त्यात डबीत इन्सुलिनची व्हायल, म्हणजे छोटी बाटली. पाणी सुकलं की गारवा गेला, म्हणून पूजेबरोबर मडक्याला पाणी घालणं हे तिचं व्रत. अजूनही लाईन गेली की तेच करतो. फ्रीजमध्ये ठेवायचं तर दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ अजिबात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

---

तर्रीबाज | १९ एप्रिल, सकाळी ११:०४

इन्सुलिनले माठ अन् आमाले कूलरचं गरम वारं. अन्याव हाय.

---

पासबुक_काका | २३ एप्रिल, रात्री ९:५०

डॉक्टर ताई, अहवाल सादर. तीन रात्री जेवणानंतर घरात बसलो, दोन तासांनी २०८, २१४, १९९. पुढच्या तीन रात्री तेच वरण-भात-पोळी, पण लगेच कॉलनीत पंधरा मिनिटं चाललो. १७१, १६६, १७८. सौ. पण आता सोबत येतात, त्यांना मधुमेह नाही, पण शेजाऱ्यांच्या बातम्या मिळतात.

पहाटेचं अंबाझरी सोडलेलं नाही. १३८ ची १६० होते, होऊ दे.

---

अनुची_आई | २७ एप्रिल, दुपारी १२:१५

मंडळी, २५ ला भेट झाली. तुमच्या प्रतिसादांवरून प्रश्न लिहून नेले होते, डॉक्टर म्हणाले इतकी तयारी करून कोणी येत नाही.

आधी एक लाजिरवाणी गोष्ट. शुक्रवारी खेळून आल्यावर मोजली, २३६. डॉक्टरांची नर्स फोनवर म्हणाली, हात धुतले का? नव्हते. साबणाने धुवून पुसून पुन्हा मोजली, १७४! मैदानावर सगळ्या पोरी तळहातावर ग्लुकोज पावडर घेऊन चाटतात, तेच बोटाला चिकटलेलं. म्हणजे सोमवारच्या त्या २४० मधली खरी किती अन् पावडरची किती, देव जाणे. अन् मी त्यावर तीन युनिट दिलं होतं.

आता आमच्यापुरतं ठरलेलं सांगते. हे अनुचं आहे, तिच्या वजनाचं, तिच्या डॉक्टरांनी ठरवलेलं. नाश्ता चारला, त्याचं इन्सुलिन पोटावर अन् खेळाच्या दिवशी अर्धं. निघताना मोजायचं, ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग थांबून निघायचं. २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारं आम्ल) तपासायचे, असले तर त्या दिवशी मैदान नाही. मधल्या सुट्टीत एकदा मोजायचं. आल्यावर मोठा आकडा दिसला तरी करेक्शन नाही, दोन तासांनी पुन्हा बघायचं. रात्रीच्या जेवणाचे सहाचे चार, ग्लार्जिन सोळाचं तेरा, म्हणजे साधारण वीस टक्के कमी. झोपताना १२५ च्या खाली असेल तर इन्सुलिन न देता एक कप दूध अन् अर्धी पोळी. अन् सध्या तरी पहाटे तीनचा गजर.

या दोन रात्रींचे आकडे, पहाटेचे : ९८, १०७. त्याआधी बुधवारी मात्र १९२, कारण त्या दिवशी पाय मुरगळून ती नुसती बसून होती अन् मी सवयीने डोस कमी केलेला. पोलडाईव्ह ताईंचं पटलं. "शिबिराचा दिवस" असं लिहून भागत नाही, किती पळाली ते लिहायला लागतं.

सर चहाला आले होते. वसीम अक्रम चालला!

---

वऱ्हाडीठेचा | २७ एप्रिल, दुपारी १२:४०

तळहातावर पावडर, हे मीटरवाल्यांनी डबीवर छापायला पाहिजे. आमच्याकडे आता आंब्याचे दिवस, बाबांची बोटं तर विचारूच नका.

---

डेट्रॉईटकर | २७ एप्रिल, रात्री ९:३०

मॅच कधी आहे? मॅचचा ताण सरावाहून वेगळा, आकडा आधीच चढलेला असू शकतो. घाबरून सुई उचलू नका.

---

अनुची_आई | ४ मे, पहाटे ३:१२

काल शिबिराची शेवटची मॅच होती, सकाळी आठला, उन्हाच्या आधी. डेट्रॉईटकर, तुमची आठवण झाली. मैदानावर पाय ठेवायच्या आधी २६३. हात धुवून! कीटोनची पट्टी स्वच्छ. सर माझ्याकडे बघतायत, मी सरांकडे. सुई पिशवीतच राहू दिली. मधल्या सुट्टीत २२०, संपल्यावर १८१, जेवायच्या आधी १२६. माझं बीपी कोणी मोजलं नाही म्हणून बरं.

---

तर्रीबाज | ४ मे, सकाळी ७:०५

ताई, शुगर ठीक हाय, पण पोरीनं गडी किती बाद केले ते सांगा ना.

---

अनुची_आई | ४ मे, सकाळी ७:४०

तीन! अन् चौथीला खांबावरून झेप घ्यायला गेली, ती सुटली अन् हिचा गुडघा फुटला. हरलो एका गुणाने. पट्टी करताना डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तर म्हणते, "पोल डाईव्ह." पहाटेची १११ होती, ते काल लिहायचं राहिलं.